ओसाड गावचा एरंड? १९२२ची पहिली कोपा इतालिया

कोपा इतालिया म्हणजे इटलीच्या फुटबॉलचा राष्ट्रीय चषक. त्याच्या विजेत्यांची यादी वाचायला घेतली की युव्हेंटस, रोमा, इंटर, मिलान, नापोली अशी सगळी ओळखीची मंडळी भेटत जातात. यादी उलटी वाचत अगदी पहिल्या ओळीपर्यंत गेलं, की तिथे भलतंच नाव दिसतं. वादो. दर आठवड्याला रात्री जागून सेरी आ, म्हणजे इटलीची सर्वात वरची लीग, पाहणाऱ्या माझ्या एका मित्राला मी हे नाव विचारलं, तर तो म्हणाला, "छापताना चूक झाली असेल."

चूक नाही. वादो लिगुरे हे जेनोवाच्या पश्चिमेला, सावोना शहराला जवळजवळ चिकटलेलं समुद्रकाठचं गाव. बंदर आणि रेल्वे इंजिनांचा कारखाना ही त्याची तेव्हाची ओळख. १९१३ साली तिथे फुटबॉल क्लब निघाला आणि नऊ वर्षांनी त्याने इटलीचा पहिला राष्ट्रीय चषक जिंकला, तोही वरच्या वर्गात खेळत नसताना!

कसा, याचं झटपट उत्तर असं: त्या वर्षी मोठे क्लब स्पर्धेत नव्हतेच. ओसाड गावी एरंड बळी. हे उत्तर खोटं नाही, पण ते ऐकून समाधान करून घेणाऱ्याला दोन प्रश्न पडत नाहीत. गाव ओसाड कुणी केलं? आणि त्या गावात एरंड एकटाच होता का?

पहिल्यापासून सुरुवात करू.

पहिल्या महायुद्धानंतर इटलीत फुटबॉल झपाट्याने पसरला. गावोगावी क्लब निघाले, आणि सगळ्यांना सर्वात वरच्या गटात खेळायचं होतं. १९२०-२१ च्या मोसमात या वरच्या गटातच ऐंशीहून जास्त क्लब होते. आजच्या सेरी आमध्ये २० असतात, म्हणजे साधारण चौपट. तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायची एकच साखळी नव्हती. आधी प्रांताप्रांतांत गट पाडायचे, मग त्यातले वरचे संघ पुढे, मग आणखी गाळणी, असं करत करत उत्तरेचा एक आणि दक्षिणेचा एक संघ उरायचा आणि त्यांच्यात अंतिम सामना व्हायचा.

मोठ्या क्लबांना हा पसारा नकोसा झाला होता. आठ-दहा गोलांनी जिंकायचे सामने खेळून ना खेळ सुधारतो, ना तिकीट विकणाऱ्यापुढे रांग लागते. त्यांचं म्हणणं सोपं होतं: वरच्या गटात मोजकेच क्लब ठेवा, म्हणजे तोडीस तोड सामने होतील. ही योजना कागदावर मांडली वित्तोरिओ पोत्सो यांनी. पुढे १९३४ आणि १९३८ असे सलग दोन विश्वचषक इटलीला जिंकून देणारे प्रशिक्षक ते हेच. त्यांनी सुचवलेला आकडा होता २४.

आता छोट्या क्लबाच्या खुर्चीत बसून बघा. ऐंशीतले चोवीस वर राहणार म्हणजे उरलेले सगळे खाली. वर्षातून एकदा जेनोवासारखा बलाढ्य संघ गावात येतो, त्या दिवशी मैदान भरतं, ते बंद. योजना तुमच्याच भल्याची आहे असं कितीही समजावलं, तरी स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव कोण खोडेल? आणि इटलीच्या फुटबॉल महासंघाच्या सभेत संख्या छोट्यांची होती. मतदान झालं, योजना पडली. मग २४ मोठे क्लब उठले आणि सभेतून आणि महासंघातून बाहेर पडले. त्यांनी आपली वेगळी संघटना काढली, कॉन्फेदेरात्सिओने काल्चिस्तिका इतालियाना. युव्हेंटस, तोरिनो, मिलान, इंटर, जेनोवा, बोलोन्या, प्रो व्हेरचेल्ली, सगळे तिकडे.

माझी सहानुभूती छोट्यांकडे झुकते हे लपवत नाही. पण खेळाच्या दृष्टीने पोत्सोंचं बरोबर होतं. आठ वर्षांनी, १९२९ मध्ये, सेरी आ सुरू झाली ती अशीच मोजक्या संघांची एक साखळी म्हणून. बरोबर असलेली गोष्ट समोरच्याच्या पोटावर पाय देत असेल, तर ती कितीही बरोबर असली तरी सभेत मंजूर होत नाही, एवढंच.

तर १९२१-२२ च्या मोसमात इटलीत दोन वेगवेगळ्या लीग झाल्या आणि दोन विजेते निघाले. फुटून निघालेल्यांच्या लीगमध्ये प्रो व्हेरचेल्ली. मूळ महासंघाच्या लीगमध्ये नोव्हेसे, म्हणजे नोव्ही लिगुरे नावाच्या गावचा, जेमतेम तीन वर्षांचा क्लब. त्यांचा सांप्येरदारेनेसेशी अंतिम सामना दोनदा ०-० सुटला. तिसऱ्यांदा, क्रेमोनात, त्यांनी २-१ असा निकाल लावला. आजही इटलीच्या अधिकृत नोंदींत त्या एका वर्षासमोर दोन विजेत्यांची नावं आहेत.

मूळ महासंघाची अवस्था मात्र लग्नघरातून वऱ्हाडच निघून जावं तशी झाली होती. मांडव उभा आहे, पंगतीची ताटं मांडली आहेत, पण ज्यांना बघायला लोक येतात तेच गायब. मोसम भरून काढायला आणि लोकांचं लक्ष परत खेचायला काहीतरी नवं हवं होतं. त्यातून निघाली कोपा इतालिया. आज ज्या चषकाची अंतिम लढत रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये होते, तो जन्माला आला तो रिकामी जागा भरायला.

इथे जरा स्पर्धेचं गणित. लीगमध्ये हरलात तरी पुढच्या रविवारी खेळता येतं. वर्षभराची बेरीज मोजली जाते. बाद पद्धतीत हरलात की घरी. प्रत्येक सामना एका संघाला बाहेर काढतो, त्यामुळे किती निकाल लागायला हवेत हे लगेच सांगता येतं: एकूण संघांतून एक वजा. त्या वर्षी ३७ क्लब उतरले, म्हणजे ३६ संघ बाद व्हायला हवेत. अडचण अशी की ३७ हा आकडा दोनाने भागत भागत एकपर्यंत नीट उतरत नाही. ३२ उतरतो: सोळा, आठ, चार, दोन, एक. ३७ असले की कुठे ना कुठे कुणाला तरी न खेळताच 'पुढे चाल' द्यावी लागते, आणि तळापासून वरपर्यंत जायला सहा फेऱ्या लागतात.

वादोने सहाही फेऱ्या खेळून काढल्या. एकदाही पुढे चाल नाही. एरंडाच्या म्हणीला माझा पहिला आक्षेप इथे आहे.

पहिला सामना जेनोवाच्या फियोरेंतेशी, ४-३. त्या दिवशी एक गोल इकडचा तिकडे झाला असता तर हा लेख नसता. मग जेनोवाच्याच मोलास्सानावर ५-१. मग 'युव्हेंटस इतालिया'वर २-०. हे नाव वाचून दचकू नका. हा तुरिनचा युव्हेंटस नव्हे, मिलानमधला वेगळाच क्लब. खरा युव्हेंटस तर वेगळ्या चुलीवर जेवत होता. या नावाच्या गोंधळामुळे 'वादोने युव्हेंटसला हरवलं' असं कुणी सांगितलं, तर त्याला हळूच थांबवा.

त्यानंतर लिव्होर्नोहून आलेला प्रो लिव्होर्नो, १-०. उपांत्य फेरीत फ्लॉरेन्सचा लिबेर्तास, पुन्हा १-०. हा लिबेर्तास चार वर्षांनी शहरातल्या दुसऱ्या एका क्लबात विलीन झाला आणि त्यातून फियोरेंतिना उभा राहिला. म्हणजे एरंडांच्या त्या रानात पुढे मोठी होणारी झाडंही होती. दुसऱ्या बाजूने उदिनेसे येत होता. तुरिनच्या लुचेंतो वस्तीतला क्लब हरवून त्यांनी अंतिम फेरी गाठली.

आणि या सगळ्यात, अंतिम सामना व्हायच्या आधीच, भांडण मिटलं!

क्रीडापत्रकार एमिलिओ कोलोम्बो, 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त' या दैनिकाचे संपादक, मध्यस्थ झाले. जून १९२२ मध्ये त्यांनी काढलेल्या तोडग्यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. पुढच्या मोसमात सगळे पुन्हा एका छताखाली, वरच्या गटात उत्तरेचे ३६ क्लब. मोठ्यांनी मागितले होते २४, छोट्यांना हवे होते सगळेच. सुटलं ३६ वर. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा हा आकडा आहे. तोडग्याची किंमत अर्थातच छोट्यांनी मोजली. अनेकांना खालच्या वर्गात जावं लागलं.

म्हणजे १६ जुलै १९२२ रोजी वादोच्या मैदानावर अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा ज्या कारणासाठी हा चषक काढला होता ते कारणच उरलं नव्हतं. महासंघाला आता या स्पर्धेची गरज नव्हती. मैदानावरच्या बावीस जणांना मात्र होती.

उदिनेसे आले होते देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून. उदिने हे ईशान्येकडचं, ऑस्ट्रियाच्या बाजूचं शहर. महायुद्धात इटालियन लष्कराचं मुख्यालय तिथेच होतं. १९१७ मध्ये कापोरेत्तोला इटलीचा दारुण पराभव झाला आणि शहर वर्षभर शत्रूच्या ताब्यात गेलं. तो ताबा सुटून चार वर्षंही झाली नव्हती, आणि त्या शहराचा संघ आगगाडीने अख्खी उत्तर इटली आडवी कापून लिगुरियाच्या किनाऱ्यावर चषक न्यायला आला होता.

१९२२ चं फुटबॉल आजच्यासारखं डोळ्यांसमोर आणलं, तर या सामन्याचा निकाल एवढा का लांबला ते कळणार नाही. तेव्हा बदली खेळाडू नव्हते. सुरुवातीला उतरलेले अकराच शेवटपर्यंत. कुणी लंगडू लागला तर लंगडत खेळायचं, नाहीतर दहा जणांनी ओढायचं. ऑफसाइडचा नियमही आजच्यापेक्षा कडक होता. आज पुढे सरसावलेल्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मधे प्रतिस्पर्ध्याचे दोन जण असले की पुरतं, गोलरक्षक धरून. तेव्हा तीन लागायचे. हा नियम १९२५ मध्ये बदलला, कारण बचावपटू थोडे पुढे येऊन उभे राहिले की आघाडीचा माणूस ऑफसाइड ठरायचा आणि गोल आटून जायचे.

चेंडू होता चामड्याच्या पट्ट्या शिवलेला, आत रबरी फुगा, आणि फुगा भरायची फट बुटासारख्या नाडीने आवळलेली. नियमाने वजन १३ ते १५ औंस, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम, पण ते सामना सुरू होतानाचं. ओलावा प्यायला की हाच चेंडू जड व्हायचा, आणि नाडीची बाजू कपाळावर आली की शुद्ध हरपायची पाळी.

राहिली बरोबरीची गोष्ट. पेनल्टी शूटआउट १९७० च्या सुमाराचा शोध. त्याआधी बरोबरी सुटायचे मार्ग तीन: जादा वेळ, पुन्हा दुसऱ्या दिवशी सामना, आणि काहीच जमलं नाही तर नाणेफेक. नाणेफेक ऐकून हसू येईल, पण १९६८ च्या युरोपीय स्पर्धेत नापोलीत इटली आणि सोव्हिएत संघाची उपांत्य लढत ०-० राहिली, तेव्हा इटली अंतिम फेरीत गेला तो नाण्यावर. आणखी एक जुनी रीतही होती: जादा वेळ संपला तरी थांबायचं नाही, कुणीतरी गोल करेपर्यंत खेळत राहायचं.

वादोत नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तरी नाही. त्या काळी मैदानावर दिवे नव्हते. जुलैचा लांबलचक दिवस असला तरी सूर्य काही कुणाच्या पंचगिरीला बांधलेला नसतो. अकराचे अकरा सुरुवातीपासून तेच पाय ओढताहेत. आणि मग डाव्या बगलेवरून व्हिर्जिलिओ फेलिचे लेव्हरात्तोने फटका मारला. गोल. कुणी ११८वं मिनिट लिहितं, कुणी १२७वं. दुसरा आकडा धरला तर जादा वेळाचे दोन्ही भाग संपून ते नुसतं गोलाची वाट पाहत खेळत होते.

लेव्हरात्तो तेव्हा सतरा वर्षांचा होता.

त्या फटक्याबद्दल सांगितलं जातं, की चेंडू जाळं फाडून पलीकडे गेला. खरंच? गोलाला जाळं लावायची कल्पना तेव्हा तीसेक वर्षांचीच होती. लिव्हरपूलच्या ब्रॉडी नावाच्या अभियंत्याने १८९० च्या आसपास ती आणली, ती मुळात चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून हे भांडण मिटवायला. छोट्या गावच्या मैदानावरचं जाळं म्हणजे ऊनपाऊस आणि समुद्राचा खारा वारा खाल्लेली सुतळी. ती एका जागी कुजलेली असेल आणि जड चामडी चेंडू नेमका तिथे बसला, तर फाटायला अमानुष ताकद लागणार नाही. पण हे झालं आपलं शवविच्छेदन. वादोच्या लोकांनी जाळं फाटलं असंच सांगितलं आणि इटलीने ते उचललं. लेव्हरात्तोला जन्मभराचं टोपणनाव चिकटलं, स्फोंदारेती, म्हणजे जाळंफाड्या.

एवढं खरं, की पोराचा पाय खोटा नव्हता. दोन वर्षांनी तो पॅरिस ऑलिंपिकला इटलीकडून खेळला. तिथला लक्झेंबर्गविरुद्धचा एक किस्सा सांगतात: त्याचा एक फटका गोलरक्षकाच्या तोंडावर बसला आणि तो बिचारा आडवा झाला. नंतर लेव्हरात्तो पुन्हा चेंडू घेऊन समोर आला, तर गोलरक्षकाने चेंडू अडवायचं सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि लेव्हरात्तोला दया येऊन त्याने जोर काढून घेतला. किश्शात मीठमसाला किती ते तुम्ही ठरवा. १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅममध्ये इटलीने कांस्यपदक मिळवलं त्या संघात तो होता. पुढे जेनोवा, इंटर, लाझिओ अशा क्लबांकडून खेळला. एरंडाच्या म्हणीला हा माझा दुसरा आक्षेप. गाव ओसाड असेलही, पण त्या दिवशी शेवटचा फटका मारणारा पोरगा मोठ्या गावातही उठून दिसला.

चषकाचं काय झालं? तो तिथेच थांबला. फूट मिटली, लीगचं वेळापत्रक भरून गेलं आणि स्पर्धा पुढच्या वर्षी भरलीच नाही. त्याच ऑक्टोबरात मुसोलिनीची माणसं रोमवर चालून आली आणि देशच दुसऱ्या वळणाला लागला. १९२६-२७ मध्ये चषक पुन्हा सुरू करायचा प्रयत्न झाला, तो तारखा जुळेनात म्हणून अर्ध्यात सोडला. शेवटी १९३५-३६ मध्ये स्पर्धा पुन्हा उभी राहिली आणि तोरिनोने अलेस्सांद्रियाला ५-१ हरवून ती जिंकली. पहिल्या आणि दुसऱ्या विजेत्यात चौदा वर्षांचं अंतर असलेला दुसरा राष्ट्रीय चषक मला तरी आठवत नाही.

आणि ज्या मोसमात स्पर्धा परत आली, त्याच मोसमात मूळ चषक गेला. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, राष्ट्रसंघाने निर्बंध लावले, आणि सरकारने लोकांकडून 'देशासाठी सोनं' मागितलं. डिसेंबरात बायकांनी बोटांतल्या लग्नाच्या अंगठ्या काढून दिल्या. वादोने आपला चषक दिला, आणि तो वितळवला गेला. पुष्कळ वर्षांनी महासंघाने त्यांना त्याची नक्कल करून दिली. क्लबाकडे आहे ती तीच.

वरच्या वर्गाबाहेरच्या संघाने हा चषक जिंकल्याचं त्यानंतर एकच उदाहरण, १९६२ चं नापोली. सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्गात, खेळत असताना त्यांनी अंतिम सामन्यात स्पालला २-१ हरवलं. पण नापोली म्हणजे लाखोंच्या शहराचा संघ, चुकून खालच्या मजल्यावर उतरलेला. आता तर वादोसारख्याला जिंकणं सोडा, दारातून आत शिरणंही अवघड. २०२१-२२ पासून स्पर्धेत ४४ क्लब असतात: सेरी आचे २०, सेरी बीचे २०, आणि सेरी सीतले फक्त चार. त्यातही आधीच्या मोसमातले वरचे आठ सुरुवातीच्या फेऱ्या खेळतच नाहीत, थेट शेवटच्या सोळांत येतात. पोत्सोंच्या योजनेत उरलेल्या क्लबांना निदान खालचा गट तरी होता.

उदिनेसेचं मात्र मला राहून राहून वाईट वाटतं. तो क्लब मोठा झाला. १९९५ पासून पुढे तीन दशकं तो सेरी आमधून हललेला नाही, युरोपातल्या स्पर्धा खेळला, झिकोसारखा ब्राझीलचा खेळाडू एके काळी त्यांच्याकडे होता. पण शंभर वर्षं उलटली तरी कोपा इतालियाच्या अंतिम सामन्यात ते पुन्हा कधी पोचले नाहीत. त्यांच्या नावावर तेवढा एकच अंतिम सामना आहे, वादोतला, जुलैच्या त्या संध्याकाळचा.